माळढोक आणि आपला माळ

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा नकाशा वर्गांतील भिंतीवर लावला म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांस प्रथम एक गोष्ट करावयास सांगतों. महाबळेश्वरावर बोट ठेवावें व तें पूर्वेकडे म्हसवडपर्यंत न्यावें. हें अंतर सुमारें सव्वाशें किलोमीटर आहे. पण तेवढ्या अवकाशांत पावसाचें वार्षिक मान ५,००० मिलिमीटरांहून अधिक असतें तें उतरत उतरत ५०० च्या आसपास येऊन ठेपतें. पूर्वीं हे दोन जिल्हे एकच होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सरकारानें आंखलेली ही सीमा पूर्व-पश्चिम जाते. पावसानें आंखलेली सीमा मात्र उत्तर-दक्षिण जाते, व ती दोन्ही जिल्ह्यांस सारखीच लागू आहे : पश्चिमेस सह्याद्रीचें रान, मध्यें कृष्णाकांठची काळी जमीन, आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ह्या तालुक्यांचा उघडा माळ.

पश्चिमेकडील रानाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस पुष्कळ माहिती असते. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं व्याघ्र प्रकल्प झाला, हें पांचवीचा मुलगाही सांगतो. परंतु माळावर निबंध लिहा म्हटलें कीं वसतिगृहांतील माणदेशी मुलेंसुद्धां गोंधळून विचारतात, “सर, तेथें आहे काय?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्ही एका पक्ष्याचा आश्रय करितों; कारण तो पक्षी माळावर राहतो, अन्यत्र कोठेंही राहूं शकत नाहीं, आणि आज तो आपल्या महाराष्ट्रांतून जवळ जवळ नाहींसा झाला आहे.

माळढोक हें त्याचें नांव. कांहीं भागांत त्यास हूम असेंही म्हणतात. उंचीनें तो सुमारें एक मीटर, म्हणजे पहिलीच्या मुलाच्या खांद्याला लागेल एवढा असतो. नराचें वजन चौदा-पंधरा किलोपर्यंत भरतें. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगांत थोडेच आहेत. पाठ तपकिरी, मान लांब व पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी, आणि नराच्या छातीवर काळा पट्टा. मादी नराच्या निम्म्याहूनही कमी वजनाची असते. पाय उंच व बळकट. पुढें तीन बोटें, मागचें बोट नाहीं. ज्या पक्ष्यास मागचें बोट नाहीं त्यास फांदी पकडतां येत नाहीं. म्हणून माळढोक झाडावर कधींच बसत नाहीं. त्याचें जन्मापासून मरणापर्यंतचें सर्व जीवन जमिनीवर जातें. उडणें हें त्याला फक्त एका माळावरून दुसऱ्या माळावर जाण्यापुरतें.

त्याचें खाणें पाहिलें तर शेतकरी पालकांस संतोष वाटेल. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे हें त्याचें मुख्य भक्ष्य. त्यासोबत बोरें, गवताचें बीं, ज्वारी-बाजरीचे दाणे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे. पाण्याची त्यास फारशी गरज लागत नाहीं. पूर्वीं माळाच्या कडेला शाळू, बाजरी, मटकी, हुलगा अशीं कोरडवाहू पिकें असत. त्या शेतांतून हा पक्षी निर्धास्त हिंडे, किडे वेंची, आणि दुपारीं बाभळीच्या विरळ सावलींत उभा राही. त्यास एकच अट हवी असते. चोहोंकडे दूरवर दिसलें पाहिजे. गवत गुडघ्याएवढें असलें तर त्यास चालतें; मान वर केली कीं त्यावरून पलीकडे दिसतें. पण डोक्यावर जाणारी झाडी किंवा ऊंस आला कीं त्याची दृष्टि अडते, आणि तो तें ठिकाण सोडून जातो.

पावसाळ्याच्या दिवसांत नर माळावरील एखादी उंचशी मोकळी जागा निवडितो. तेथें उभा राहून तो गळ्याखालील पिशवी हवेनें फुगवितो. ती पांढऱ्या थैलीसारखी गुडघ्यांपर्यंत लोंबते. शेपटी पाठीवर उलटी पडते, व घशांतून खोल, घुमणारा हुंकार निघतो. अर्ध्या किलोमीटरवरूनही तो ऐकूं येतो. हूम हें नांव त्या आवाजावरूनच पडलें. माद्या तो ऐकून येतात. पुढें मात्र नराचा संसाराशीं संबंध राहत नाहीं. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडें घालिते. घरटें असें नसतेंच. सुमारें सत्तावीस दिवस ती एकटी तें उबविते. पिलूं बाहेर आल्यावर तें आईच्या मागें मागें महिनोगणती हिंडतें. मादी स्वतः अंडें घालण्याजोगी होण्यास तीन-चार वर्षें लागतात.

येथें गणिताचा थोडा विचार करावा. आपल्या अंगणांतील कोंबडी एका खेपेस दहा-बारा अंडीं उबविते. त्यांतलीं निम्मीं पिलें घारीनें नेलीं तरी खुराडें भरलेलें राहतें. माळढोकाच्या मादीचें एक अंडें कुत्र्यानें खाल्लें कीं तिचें ते वर्षच गेलें. अशी दोन-तीन वर्षें लागोपाठ गेलीं तर मोठे पक्षी म्हातारे होऊन मरत राहतात आणि त्यांची जागा घेण्यास तरुण कोणी नसतो. बाहेरून पाहणारास वाटतें, पक्षी आहेत कीं! प्रत्यक्षांत तें घर केवळ वृद्धांचें झालेलें असतें.

हिंदुस्थानांत हा पक्षी एके काळीं पंजाबापासून तामिळनाडूपर्यंत व राजस्थानापासून ओरिसापर्यंतच्या कोरड्या मुलुखांत सर्वत्र होता, आणि दख्खनचें पठार हें त्याच्या खास आवडीचें ठाणें होतें. किती विपुल होता याची कल्पना एका इंग्रज शिकाऱ्याच्या नोंदींवरून येते. १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत त्यानें एकट्या अहमदनगर जिल्ह्यांत ९६१ माळढोक मारले. आज सबंध पृथ्वीवर इतके माळढोक नाहींत. १९६९ सालीं देशांत सुमारें १,२६० पक्षी असावेत असा अंदाज होता. १९७८ सालीं तो आंकडा ७४५ वर आला. २००१ सालीं ६०० व २००८ सालीं ३००. २०१८ सालीं सुमारें १५० उरले, व त्यांतील बहुतेक राजस्थानांत जेसलमीरकडे. नववीच्या मुलांनीं आम्हांस फळ्यावर हिशेब करून दाखविला, कीं दर सोळा वर्षांनीं संख्या निम्मी होत आली आहे. पुढील सोळा वर्षांचा आंकडा त्यांनीं काढला तेव्हां वर्ग थोडा वेळ गप्प झाला.

शिकार हें ह्या ऱ्हासाचें पहिलें कारण होतें, पण शेवटचें नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें माळढोकास पहिल्या अनुसूचींत घातलें. तेव्हांपासून त्यास मारणें हा मोठा गुन्हा आहे. डॉक्टर सलीम अली यांनीं तर हाच आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असें सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. मोराविषयीं आमची तक्रार नाहीं. पण मोर देवळाच्या आवारांतही राहतो. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोक निवडला असता तर त्याच्यासोबत माळाकडेही कोणी पाहिलें असतें असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रांत त्याच्यासाठीं जें झालें त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. कारण ती आपल्या शिवेपलीकडचीच आहे. माण, आटपाडी व जत ह्या तिन्ही तालुक्यांच्या सीमा सोलापूर जिल्ह्यास भिडतात. सोलापूर शहरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नज नांवाचें गांव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमांत तेथील कांहीं पडीक तुकड्यांस चराईबंदी करून गवत राखण्यांत आलें. गवत वाढलें, त्यांत टोळ वाढले, आणि माळढोक आपण होऊन तेथें येऊं लागले, विणूंही लागले. कोणीं आणून सोडले नव्हते. जागा नीट केली एवढेंच. १९७९ सालीं सरकारानें तेथें माळढोक अभयारण्य जाहीर केलें.

इथवर सर्व ठीक होतें. परंतु अभयारण्याचें क्षेत्र ठरविलें तें ८,४९६ चौरस किलोमीटर! आपला सबंध सांगली जिल्हा ८,५७२ चौरस किलोमीटर आहे, एवढें सांगितलें म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ ध्यानांत येईल. सोलापूर व अहमदनगर (आतां अहिल्यानगर) ह्या दोन जिल्ह्यांतील तालुकेच्या तालुके त्यांत आले. गांवें, शेतें, बाजारपेठा, रस्ते, सर्व कांहीं. सरकारच्या ताब्यांतील गवताचे तुकडे मात्र त्यांत लहान लहान व विखुरलेले होते. परिणाम असा झाला कीं ज्या शेतकऱ्यानें जन्मांत माळढोक पाहिला नाहीं त्यासही जमीन विकतांना, विहीर खणतांना, कारखाना काढतांना ह्या पक्ष्याची आडकाठी होऊं लागली. लोकांच्या मनांत पक्ष्याविषयीं राग बसला. पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें २०१२ च्या सुमारास हें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. तोंपर्यंत तीस वर्षें गेलीं होतीं, आणि त्या तीस वर्षांत बाहेरच्या मुलुखाचें रूप पालटलें होतें. १९८० सालीं उजनी धरण पुरें झालें. ज्वारी व करडईच्या जागीं ऊंस आला, साखर कारखाने आले, तारांचीं जाळीं आलीं.

ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत नान्नजच्या गणनेंत माळढोकांची संख्या दोन अंकी येत असे. अलीकडच्या गणनांत तेथें एखाददुसरा पक्षी, कधीं एकच मादी दिसली आहे. एकच मादी! तिनें अंडें घातलें तरी त्यांतून कांहीं निघावयाचें नाहीं, कारण नर नाहीं.

आम्ही स्वतः एका पावसाळ्यांत विद्यार्थ्यांस घेऊन नान्नजला गेलों होतों. मनोऱ्यावर सकाळपासून बसलों. काळविटांचा कळप दिसला, भोवत्या पक्ष्याची वाट पाहण्याचा तो ऋतु नव्हता, चंडोल मात्र आकाशांत चढून चढून गात होते. माळढोक दिसला नाहीं. परत येतांना एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आपण नसलेलाच पक्षी पाहावयास आलों होतों का?” आम्ही त्यास कांहीं उत्तर दिलें नाहीं.

आतां तारांविषयीं. ज्यास डोळे आहेत तो तारेवर आपटेल कसा, असें कोणासही वाटेल. पण माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस आहेत. त्यास बाजूचें व मागचें फार चांगलें दिसतें; लांडग्यापासून जपणाऱ्या प्राण्यास तेंच हवें असतें. समोरचें मात्र त्यास अगदीं थोडें दिसतें, आणि उडतांना मान खालीं करून जमीन न्याहाळूं लागला म्हणजे पुढील मार्ग जवळ जवळ दिसेनासाच होतो. हजारों वर्षें त्याच्या आकाशांत समोर कांहीं नव्हतें, म्हणून हा दोष कधीं नडला नाहीं. पंधरा किलो वजनाचा पक्षी ऐन वेळीं वळूंही शकत नाहीं. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेनें अंदाज केला आहे कीं थरच्या वाळवंटांत दरवर्षीं सुमारें अठरा माळढोक उच्च दाबाच्या तारांवर आपटून मरत असावेत. एकूण दीडशें पक्ष्यांत अठरा! म्हणून १९ एप्रिल २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या भागांतील तारा शक्य तेथें जमिनीखालून नेण्याचा व इतरत्र तारांस पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा आदेश दिला. पुढें सूर्यशक्तीच्या व पवनशक्तीच्या कारखान्यांची अडचण पुढें आली. कोळसा न जाळतां वीज काढणें हेंही पृथ्वीच्या हिताचेंच काम. तेव्हां २१ मार्च २०२४ रोजीं न्यायालयानें तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिति नेमली. दोन्ही पक्ष चांगल्याच गोष्टीसाठीं भांडत होते, हें ह्या खटल्याचें वैशिष्ट्य. आपल्याकडेही खटाव-माणच्या डोंगरांवर व ढालगांवच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची वीज माळावरूनच वाहून नेली जाते.

जेसलमीर जिल्ह्यांत २०१९ पासून माळढोकाचीं अंडीं आणून, यंत्रांत उबवून, पिलें हातानें वाढविण्याचें काम चालू आहे. तेथें आज चाळिसांहून अधिक पक्षी आहेत, आणि २०२४ सालीं कृत्रिम रेतनानें पहिलें पिलूं जन्मलें. ही मोठी आशेची गोष्ट खरी. पण पक्षी वाढविले तरी ते सोडावयाचे कोठें? पक्षी पिंजऱ्यांत वाढवितां येतो. माळ पिंजऱ्यांत वाढवितां येत नाहीं.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण बोधप्रद आहे. तेथील पश्चिमेकडील कोरड्या पठारांवर सेजब्रश नांवाचें करड्या रंगाचें, सुगंधी पानांचें बुटकें झुडूप मैलोगणती पसरलेलें असतें. त्यांत सेज ग्राउज नांवाचा, आपल्या तित्तिराच्या दूरच्या नात्यांतला पण कोंबड्याहून मोठा पक्षी राहतो. हिवाळ्यांत तो त्या झुडुपाच्या पानांवांचून दुसरें कांहीं खात नाहीं. वसंतांत पहाटे त्याचे नर ठराविक मैदानांत जमतात व छातीवरील पिशव्या फुगवून माद्यांपुढें मिरवितात; आपल्या माळढोकाचीच ही रीत. फरक इतकाच कीं त्याची मादी एका वेळीं सहा ते नऊ अंडीं घालिते. तेव्हां तो तरी सुखरूप असावा! पण १९६५ पासून त्याची संख्या सुमारें ८० टक्क्यांनीं घटली, असें तेथील सरकारच्या भूविज्ञान खात्यानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. नांगरट, तेलाच्या विहिरी, तारा, आणि परदेशांतून आलेलें एक गवत, जें उन्हाळ्यांत पेटून झुडुपें जाळून टाकतें, हीं त्याचीं कारणें. यावरून दिसून येईल कीं अंडें एक असो वा नऊ, राहण्याची जागा गेली कीं हिशेब एकाच ठिकाणीं येतो. तेथील पुष्कळसे पशुपालक मात्र ह्या पक्ष्याच्या रक्षणांत सामील झाले आहेत. त्यांच्या कुरणांच्या तारेच्या कुंपणांवर पक्षी आपटूं नयेत म्हणून त्यांवर लहान लहान पांढऱ्या पट्ट्या लावितात. ह्यास खर्च थोडा लागतो, आणि गुरें चारणें बंद करावें लागत नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडाशीं आम्हीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन पूर्वेकडील एका माळावर वृक्षारोपण केलें. दोन दिवस मुलांनीं खड्डे खणले, चर काढले, गिरिपुष्पाचीं रोपें लाविलीं. छायाचित्रें निघालीं, चहा झाला. आम्हांस फार धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं एक वृद्ध धनगर मेंढरें घेऊन तेथें आला. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून त्यानें आमचे चर पाहिले, आणि विचारलें, “मास्तर, हितं झाडं कशापायीं लावलीसा?” आम्हीं सांगितलें, “बाबा, ही पडीक जमीन आहे, हिरवी करावयाची आहे.” तो म्हणाला, “पडीक म्हंतायसा, मग आमची मेंढरं काय वारा खात्यात व्हय?”

त्या प्रश्नानें आमचे डोळे उघडले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्या दिवशीं आम्हांस थोडा रागच आला होता. पण पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें पुन्हां गेलों. बहुतेक रोपें वाळलीं होतीं, आणि जेथें जेथें आम्हीं माती उकरली होती तेथें तेथें मुरूम उघडा पडून गवत उगवलें नव्हतें. शेजारच्या न उकरलेल्या जागेंत मात्र वाळलेली कुसळी व पवन्या उभी होती, व तींत मेंढरें चरत होतीं. तेव्हांपासून आम्ही ह्या विषयावर वाचूं लागलों.

गवताची रचना झाडाहून निराळी असते. झाडाचा वाढता कोंब वर टोंकास असतो. तो शेळीनें खाल्ला कीं झाड खुंटतें. गवताचा कोंब जमिनीलगत असतो; पातें खाल्लें, वाळलें, तरी खालून पुन्हां फुटतें. त्याचीं मुळें बारीक, दाट, जाळ्यासारखीं असतात व तीं थोड्याशा मुरमाड मातीस धरून ठेवितात. पांचशें मिलिमीटर पावसांत, वीतभर मातींत ह्याहून चांगलें पांघरूण कोणतें असणार? आणि हा माळ म्हणजे पूर्वींचें अरण्य तोडून उजाड झालेली जमीन होय, ही समजूतही बरोबर नाहीं. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जुन्या मराठी ग्रंथांत व लोककथांत आलेल्या झाडाझुडपांच्या नांवांचा शोध घेऊन असें दाखविलें आहे, कीं पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ निदान साडेसातशें वर्षें माळच आहेत. त्या अभ्यासांत आपल्या माण तालुक्यांतील शिखर शिंगणापूरच्या स्थापनेची जुनी कथाही आली आहे. गवत विपुल होतें म्हणून गुरें राखणारे तेथें आले, असा तिचा आशय. ज्यास आपण उजाड म्हणतों त्यास आपले पूर्वज गवताळ म्हणत होते. सरकारी दप्तरांतही अशी पुष्कळशी जमीन ओसाड किंवा पडीक ह्याच सदरांत नोंदलेली आढळते. आणि जी ओसाड ठरली ती कोणत्याही कामास देण्यास मोकळी होते.

ह्याचा अर्थ झाडें लावूं नयेत असा मुळींच नाहीं. सांगली जिल्ह्यांत सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर लोकांच्या श्रमानें रान उभें राहिलें व १९८५ सालीं त्याचें अभयारण्य झालें, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. शाळेच्या आवारांत, रस्त्याच्या कडेस, ओढ्याकांठीं, विहिरीवर, बांधावर झाडें जरूर लावावीं. गवताचा माळ तेवढा सोडावा, इतकेंच म्हणणें.

गवतानें आपणांस काय दिलें हें माणदेशच्या माणसास सांगावयास नको. खिल्लार बैल ह्याच माळावर वाढला. जत तालुक्यांतील माडग्याळची उंच, वाकड्या नाकाची मेंढी तर महाराष्ट्रभर नांवाजलेली आहे. लांडगा, खोकड, ससा, माळटिटवी, धाविक, पखुर्डी हे सर्व त्याच गवताचे रहिवासी. आणि हिवाळ्यांत मध्य आशियांतून भोवत्ये पक्षी येतात ते टोळ खाण्यासाठीं ह्याच माळांवर उतरतात. व्यंकटेश माडगूळकर हे आटपाडी तालुक्यांतील माडगूळचे. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरींतील वस्ती मेंढपाळांची आहे. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ती अवश्य वाचावी. तींतला मास्तर माळावर शिकवावयास जातो व तेथेंच बरेंच शिकतो.

एक अवघड प्रश्न राहतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी पूर्वेकडील तालुक्यांत चढविलें आहे. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकला आहे. २०१२-१३ सालच्या चारा छावण्या कित्येकांच्या आईबापांनीं स्वतः पाहिल्या आहेत. ज्या घरांतील बाई दोन कोस घागर घेऊन जात होती, त्या घरास “पाणी आलें तर माळ जाईल” असें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पाणी आलेंच पाहिजे. डाळिंबाची व द्राक्षाची बाग लावून मुलांस शिकविणारे पालक आमच्या शाळेंत आहेत, व आम्हांस त्यांचा आदर वाटतो. पण बाग शेतांत होते. गायरान हें शेत नव्हे. सोलापूरकडे जी चूक झाली ती अशी कीं सर्वच जमिनीवर बंधन घातलें, आणि ज्या थोड्या जमिनीस खरोखर जपावयाचें होतें तिच्याकडे दुर्लक्ष झालें. त्याऐवजीं गांवाच्या मालकीचें गायरान व वनखात्याचे गवताचे तुकडे एवढेच जर नांगराखालीं, चराखालीं व झाडाखालीं जाऊं दिले नाहींत, पावसाळ्यांतील दोन-तीन महिने त्यांतील एक भाग पाळीपाळीनें चराईस बंद ठेवला, आणि गांवांतील मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला, तर बागायतदारासही कांहीं सोडावें लागणार नाहीं व मेंढपाळासही चारा राहील. चराई अजिबात बंद करणेंही हिताचें नव्हे. मुळींच न चरलेलें गवत माजतें, त्यांत झुडुपें शिरतात, आणि माळढोकास तें नकोसें होतें. मेंढरें व माळढोक हे हजारों वर्षांचे शेजारी आहेत.

माळढोक आपल्या माळावर परत येईल काय, असें विद्यार्थी विचारतात. इंग्लंडांत त्याचा एक भाऊबंद १८३२ च्या सुमारास नाहींसा झाला. २००४ पासून तेथील लोक परदेशांतून पिलें आणून आपल्या जुन्या माळावर सोडीत आहेत, आणि आतां ते पक्षी तेथें पुन्हां वीण करितात. पावणेदोनशें वर्षांनंतर तें शक्य झालें याचें एक कारण असें कीं सॅलिसबरीचा तो गवताळ माळ सैन्याच्या कवायतीसाठीं राखलेला असल्यानें नांगराखालीं गेला नव्हता.

ह्या वर्षीं आम्हीं वृक्षारोपणाच्या दिवशीं रोपें बांधावर लाविलीं, आणि दुसऱ्या दिवशीं नववीच्या मुलांस त्याच जुन्या माळावर नेलें. दोरीनें दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा एक चौकोन आंखला. त्यांत काय काय राहतें ह्याची यादी करावयास सांगितलें. दुपारपर्यंत मुलांनीं गवताच्या अकरा जाती वेगळ्या केल्या. नांवें मात्र त्यांस चारांचींच ठाऊक होतीं. उरलेलीं नांवें सांगण्यास तोच वृद्ध धनगर बसला होता. त्यानें सात सांगितलीं. आमचे जुने चर अजून दिसतात. त्यांपैकीं दोहोंत आतां मारवेल शिरली आहे. यादींतील कीटकांचीं व पक्ष्यांचीं नांवें लावण्याचें काम चालू आहे, आणि ती पुरी झाल्यास पुढील वर्षाच्या अंकांत विद्यार्थ्यांच्याच नांवानें देण्याचा विचार आहे.